पन्नास पावलांवरून

"पन्नास पावलं म्हणजे पन्नास पावलं," राखणदाराने लाल जाकीटवाल्या पाहुण्याला दोरीमागे ढकललं. "एक्कावन्न चालतील, एकोणपन्नास नाही. आणि ते जाकीट उतरवा. बदकांना वाटेल, डोंगराला आग लागली."

"बदकं आहेत कुठे पण? आठ-नऊ दिसतायत."

तिथेच तर दुखणं होतं. डोंगरावरच्या त्या उद्यानात राखणदाराने एकवीस वर्षं रानबदकं सांभाळली होती. सांभाळली म्हणजे लांबून. दाणा टाकायचा नाही, हाक मारायची नाही, कपडे मातकट घालायचे, आणि एकदा लपणात बसलं की आभाळ कोसळलं तरी उठायचं नाही. सकाळी आलेली शिंक तो दाबून धरायचा आणि दुपारी घरी नेऊन सोडायचा. तेव्हा म्हणे फळीवरची भांडी खाली यायची. एका वर्षी त्याच्या टोपीत चिमणीने घरटं केलं, तर पिल्लं उडेपर्यंत त्याने मान हलवली नाही.

मागच्या हिवाळ्यात चौसष्ट बदकं भरली होती. यंदा महिन्याभरात चाळीस झाली, मग सव्वीस, मग नऊ. सोमवारी साहेब गणतीला येणार होते. आकडा चाळिसाच्या खाली गेला की वरची चौकी बंद. राखणदाराची बदली खाली शहरात, कचेरीच्या फाटकात तिकिटं फाडायला. राहायला मागे दोन खोल्या.

"तिथे मी आठ दिवसांत वाळून जाईन," तो जेवताना बायकोला म्हणाला.

"काही वाळत नाही. आज किती भरली?"

"नऊच."

"अगंबाई!" तिने त्याच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला. "मला विचाराल तर हे त्या हॉटेलवाल्याचंच काम. तुम्ही तळं सोडू नका. बाजारहाट मी बघते."

बाजारहाट हल्ली तीच बघायची. सकाळी जायची ती जेवायच्या वेळेला घामाघूम होऊन परतायची. तरी धान्याचा डबा पंधरा दिवसांत तळाला जात होता. घरात उंदीर माजले होते, असं तिचं म्हणणं.

पायथ्याचा हॉटेलवाला पूर्वी गिऱ्हाइकांना बदकांसाठी शिळा पाव द्यायचा. राखणदाराने एकदा चारचौघांत तो पाव त्याच्याच खिशात कोंबला होता. शनिवारी राखणदार थेट त्याच्या गल्ल्यासमोर जाऊन उभा राहिला.

"माझी बदकं कुठे लपवलीस?"

"या बरणीत," हॉटेलवाला म्हणाला. "बसा, चहा घ्या."

"थट्टा नको! पळवलीस तूच."

"काका, तुम्ही माझी शोभा केलीत त्या दिवसापासून मी त्यांना चतकोरसुद्धा दाखवलेला नाही. पण टेकडीपलीकडच्या डबक्यावर रोज अकराच्या सुमाराला कुणीतरी दाणे टाकतं."

"कोण?"

हॉटेलवाल्याने टेबल पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं. "नाव मी घेणार नाही, उगाच माझ्यावर यायचं. तुम्हीच बघा. फक्त बघताना तुमचे नियम पाळा."

रविवारी तळ्यावर चाललो असं घरी सांगून राखणदार टेकडीपलीकडे गेला, पन्नास पावलं मोजून झुडपात बसला. डबक्यावर नजर टाकली आणि बोटांवर मोजायला लागला. होती! सगळी होती. चौसष्ट नव्हे, चांगली अडुसष्ट.

अकराला पायवाटेवरून एक आकृती उतरली. अंगात घोट्यापर्यंत आलेला रेनकोट, टोपडं नाकापर्यंत ओढलेलं, काखेत पिशवी. बदकं आता उडणार, राखणदाराने श्वास रोखला. पण उडायचं राहिलं बाजूला, ती फताफता त्या आकृतीकडे धावत सुटली, आणि आकृती काठावर टेकताच एक तर निर्लज्जपणे मांडीवर चढून बसलं. एकवीस वर्षांत दुर्बिणीशिवाय राखणदाराला त्यांच्या डोळ्यांचा रंगसुद्धा कळला नव्हता.

तो ताडकन उठणार होता. गुडघे उचललेही होते. पण आता आरोळी ठोकली तर अडुसष्टच्या अडुसष्ट बिथरून डोंगरच सोडतील. तो दात आवळून खाली बसला. वारा फिरला आणि आवाज त्याच्याकडे आला.

"खा गं बायांनो, पोटभर खा. उद्या साहेब आकडा लिहून गेले की तुम्ही सुटलात नि मीही सुटले. तोवर तळ्याकडे फिरकलात तर माझी शपथ आहे. एकवीस वर्षं आमचं ध्यान तुमच्यापायी मला या डोंगरावर घेऊन बसलंय. खालच्या दोन खोल्यांच्या पडद्यांची मापंसुद्धा घेऊन आलेय मी."