वरून पट्टी

"भिंत फोडायची नाही. वरूनच पट्टी मारा," काकूंनी दारातच बजावलं. वायरमनला काय, उलट धूळ खायची वाचली. त्याने शेवटच्या खोलीत दारापासून कोपऱ्यापर्यंत प्लास्टिकची पट्टी ठोकली, वायरी आत टाकल्या आणि अंगठ्याने पट्टीचं झाकण दाबत कोपऱ्याकडे सरकू लागला. टक्. टक्.

भिंतीच्या आतूनही टक् टक् ऐकू येऊ लागलं, अगदी त्याच्या अंगठ्यासमोर.

"पलीकडे कोण काम करतंय?"

"पलीकडे कोण असणार? तिसऱ्या मजल्याची बाहेरची भिंत आहे ती," काकू म्हणाल्या. पण उंबरठ्याच्या आत काही आल्या नाहीत.

आवाज घुमत असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. कोपऱ्यापर्यंत झाकण बसवून त्याने हात खाली घेतला. आतला आवाजही थांबला.

"झालं, काकू. चकाचक."

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

भिंतीच्या आत पुन्हा सुरू झालं. चर्र. चर्र. झाकण बसतानाचा आवाज कुठला आणि नखाने उचकटतानाचा कुठला, हे वायरमनला झोपेतही कळतं. हा उचकटतानाचा होता. तो आवाज दारापासून सरकत सरकत आला आणि त्याच्या तोंडासमोर थांबला.

मग त्याने नुकतंच बसवलेलं झाकण आतून कुणीतरी अंगठ्याने दाबलं.