स्वच्छ फुप्फुसं

"फोटो पुन्हा काढा," वच्छलाबाई म्हणाल्या. "मशीनले नीट दिसलं नसन."

डॉक्टर वेदश्रीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. आरोग्य केंद्रात आता छातीचा एक्स-रे आधी एआय वाचतो. दोनदा फोटो काढला, दोन्ही वेळा त्याने एकच सांगितलं होतं. क्षयाची खूण नाही. वेदश्रीने स्वतःही पाहिला. सत्तरीतल्या बाईची इतकी स्वच्छ फुप्फुसं तिने क्वचितच पाहिली होती.

पण टेबलावर प्रयोगशाळेचा कागद पडला होता. वच्छलाबाईंनी आपल्या गावाहून, वडनेरहून, डबीत भरून आणलेल्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले होते.

"तुमचा एआय नापास झाला, मॅडम," थुंकी तपासणारा रुपेश दारातून म्हणाला. "मले चिडवत होते सारे, आता तुझं काम संपलं म्हणून. पाहा मंग!"

वेदश्री हसली नाही. थुंकीत जंतू दिसले की औषध सुरू करायचं, मग मशीन काहीही म्हणो. तिने पेन उचललं.

"मावशी, तुम्हाला टीबी आहे. सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतील. मळमळेल, तोंडाची चव जाईल, लिव्हरवर ताण येईल."

वच्छलाबाईंचा चेहरा उजळला. पदर सावरून त्या चक्क हसल्या.

हे ऐकून माणसं रडतात. सोबत आलेल्या सुनेकडे, मुलाकडे पाहतात. वच्छलाबाईंसोबत कोणी आलं नव्हतं. आणि नऊ वर्षांच्या नोकरीत हे ऐकून हसलेलं माणूस वेदश्रीने पाहिलं नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं. रुपेशला बाहेर जायला सांगितलं.

"मावशी, डबीतली थुंकी कोणाची?"

बाईंनी हातातल्या पिशवीचे बंद पिळले.

"शेजारच्या शोभाबाईची."

"काऊन केलं असं?" वेदश्रीच्या तोंडून घरची बोली निघाली. "धडधाकट जीवाले सहा महिने गोळ्या चारल्या असत्या ना मी!"

"तिले टीबी निघून पंधरा दिवस झाले," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या. "गावची आशाताई रोज गोळ्या घेऊन येते तिच्याकडं. गोळी गिळेपर्यंत समोर बसते. झोप लागली का, जेवली का, सारं इचारते."

त्यांनी पिशवी छातीशी धरली.

"माह्याच दारावरून जाते, पोरी, तिच्याकडं."