पांढरी नखं

दातांना तारा बसवायच्या म्हणून बाबा मला पहिल्यांदाच डॉक्टरबाईंकडे घेऊन आले. आधी दातांचं माप घ्यायचं होतं, पण मी ओठ गच्च मिटून बसले. बाईंनी समजावलं, चुचकारलं, मी ढिम्म. बाबाही अवघडून उभे. लोकांच्या छतांना प्लास्टर करून पांढरी पडलेली नखं त्यांनी खिशात लपवलेली. कोपऱ्यात मदतनीस ताई आधीच्या पेशंटच्या दातांचा साचा भरायला प्लास्टरच्या पावडरीत पाणी ओतत होत्या. बाबांना राहवेना. “आधी पाणी, मग पावडर, ताई. नाहीतर बुडबुडे राहतात.” ताईंनी हसून वाटीच पुढे केली. खिशातले हात बाहेर आले. बाबांनी प्लास्टर कालवलं, ओतलं आणि साचा टेबलावर हलकेच ठोकला. बुडबुडे वर येऊन फुटले. “वा, उस्ताद!” बाई म्हणाल्या. “माझं माप घ्या. पण प्लास्टर ओतणार बाबाच,” म्हणत मी मोठ्ठा आ केला.