डाव्या पायाची रेघ

जाताना

बास्केटबॉल कोर्टवर भात वाळत घातलं होतं, या रिंगपासून त्या रिंगपर्यंत. रेनांते त्यातून अनवाणी चालत होता. पाय उचलायचा नाही, ओढायचा, म्हणजे खालचे ओले दाणे वर येतात. देशभर पोरांच्या बास्केटबॉल जर्सीवर त्याचा नंबर होता. पण सुट्टीत गावी आला की भात परतायचं काम त्याचंच.

रस्त्यावर ट्रायसिकल थांबली, मोटरसायकलला शेजारी भाड्याच्या प्रवाशांचा डबा जोडलेली. चालवणाऱ्याने मान बाहेर काढली.

"आयडॉल! करारावर सही करणार ना?"

"बघू."

"बघू काय, बघू? सार्डिनवाल्यांचा संघ सोडून रंगवाल्यांच्या संघात गेलास, तर माझ्या गाडीत पाय ठेवायचा नाही. चालत जायचं!"

"सवयच करतोय, दिसत नाही का?"

ट्रायसिकलवाला खो खो हसला आणि गेला. सकाळपासून विचारणारा तो कितवा होता कोण जाणे. पाद्र्यानेही विचारलं होतं. प्रार्थनेनंतर, दारातच.

येताना

कडेला बांबू घेऊन त्याची आई बसली होती. लुसिंग. कोंबड्या हाकायला.

ती कोंबड्यांकडे बघत नव्हती. रेघांकडे बघत होती. उजव्या पायाच्या रेघेत तळाचं सिमेंट दिसत होतं. डाव्या पायाचा नुसता ओरखडा, तोही मधेमधे तुटलेला.

"उजवा काम करतोय," ती म्हणाली. "डावा नुसता सोबतीला आलाय."

"हळू बोल, आई."

"का? कोंबड्या पेपरात छापतील?"

"एकदाच सही. मग बास."

"मागच्या खेपेलाही हेच बोललास. बास आता, नांते. घरी ये."

तो रिंगखाली थांबला. जाळी केव्हाच फाटली होती. नुसतं कडं.

"घरी येऊन सकाळी उठून काय करू?"

"कोंबड्या हाक."

ती हसेल म्हणून त्याने वाट पाहिली. ती हसली नाही.

जाताना

घराच्या पुढच्या दारी गाडीचा हॉर्न वाजला. डबाबंद सार्डिन मासळीच्या कंपनीचा मॅनेजर आला होता. संघ कंपनीचा, संघातलं सगळं याच्या हातात. बॉस तिरसो. मागोमाग ड्रायव्हर, डोक्यावर केळीच्या पानात गुंडाळलेलं भाजलेलं अख्खं डुक्कर.

"अगं बाई," घाईने पुढच्या दारी गेलेली लुसिंग म्हणाली, "मुलगी मागायला आल्यासारखं!"

तिरसोने वाकून तिचा हात आपल्या कपाळाला लावला. "मुलगा मागायला आलोय, मावशी. तीन वर्षांसाठी."

"चौतिशीचा झालाय. आता कोण मागतं त्याला?"

"मी मागतोय ना."

रेनांते मागच्या दाराने आत आला. पायऱ्या चढताना त्याने कठड्याला हात लावला नाही. बॉसला ते ताठ चालणं दिसलं. आईला दाबून धरलेले दात दिसले.

येताना

जेवण. ताटाशेजारी करार, करारावर पेन.

"डॉक्टर म्हणतात, गुडघा ठीक आहे," तिरसोने भाजलेली कातडी कडकन मोडली. "तूही म्हणतोस, ठीक आहे."

"आहेच, बॉस."

"डॉक्टर गुडघा टेबलावर ठेवून बघतात. मला चालणारा बघायचा असतो."

"आत्ता आलो की चालत."

"कोणी बघतंय म्हटल्यावर सगळेच नीट चालतात, लेका." तो कातडी चावत राहिला. "माझं लहानपण भातातच गेलं. आम्ही भावंडं परतायचो. बाप संध्याकाळी यायचा, रेघा बघायचा आणि बरोब्बर सांगायचा, कोणाचा पाय दुखतोय, कोण आळशीपणा करतोय." त्याने बोटं चोखली. "जेवण झालं की तुझं कोर्ट बघू. मग सही."

रेनांतेने उचललेला घास ताटात परत ठेवला. त्याने आईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते मागणं झालं असतं.

लुसिंगला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं. बॉस रेघा बघेल, करार घडी घालून खिशात ठेवेल, आणि पोरगा घरी राहील. सकाळपासून तिला हेच तर हवं होतं.

तिने त्याच्या ताटाकडे पाहिलं. त्याने काहीही खाल्लं नव्हतं. टेबलाखाली तो दोन्ही हातांनी डावा गुडघा धरून बसला होता, लहानपणी पडल्यावर धरायचा तसाच.

"कोंबड्या शिरल्या वाटतं भातात," ती उठली.

"मी बघतो—"

"तू बस. पाहुण्यांना पोटभर वाढ. घाई करू देऊ नकोस."

जाताना

कोंबड्या भिंतीच्या सावलीत डोळे मिटून बसल्या होत्या.

लुसिंगने चपला कडेला काढल्या. दाणे तापले होते. पहिल्या ओळीतल्या डाव्या ओरखड्यात तिने पाय ठेवला आणि ओढला. जोर देऊन, सिमेंट लागेपर्यंत. मग पुढे.

आतून तिरसोचं हसणं ऐकू आलं. मग रेनांतेचा आवाज, जरा जास्तच मोठा: "अजून घ्या ना, बॉस. आईने केलेलं गोड तर चाखलंच नाही."

गोड काही केलेलं नव्हतं.

येताना

समोर अजून अर्ध्याहून जास्त कोर्ट होतं. तिचं पाऊल लहान. त्याच्या पायाएवढी रेघ व्हायला तिला प्रत्येक ओळीतून दोनदा जावं लागत होतं.