आक्काच्या हातचा नट

सरावाचा फेरा मारून गाडी परतली की चाकं तापलेली असतात आणि नट किंचित सैल पडतात. म्हणून शर्यतीआधी संपत पाना घेऊन चाकांचे नट पुन्हा आवळत होता. त्याचा हात ओळखून एकेका नटावरचा दिवा हिरवा होत गेला. शेवटचा मात्र लाल तो लालच, फिरायलाही तयार नाही. सकाळी ज्या हाताने तो आवळला, त्याच हाताला तो दाद देणार, आणि तो हिरवा होईतोवर गाडी सुरू होणार नव्हती.

"मामा, शर्यत सुटायला आली!" गाडीतून त्याची भाची उर्मिला ओरडली.

संपतला एकदम सकाळची पूजा आठवली. गाडीला हळदकुंकू वाहून झाल्यावर त्याची थोरली बहीण आक्का म्हणाली होती, "माझाही हात लागू दे की पोरीच्या गाडीला," आणि तिने या शेवटच्या नटावर पाना ओढला होता. लेकीची शर्यत बघायला आक्का कधी थांबत नसे. जिवाला घोर लागतो म्हणायची. आताही ती फाटकाशी बिनचालकाच्या रिक्षाची वाट बघत उभी होती.

संपतने तिला हाताला धरून पळवतच आणलं. आक्काने पदर खोचला आणि दातओठ खात पाना ओढला. नट हिरवा झाला, गाडी सुटली.

"पुढच्या वेळी तो नट मीच आवळतो," संपत म्हणाला. "तुला उगाच त्रास नको."

"राहू दे माझ्याकडंच," कठड्याला रेलून, वळणावरच्या गाडीवरची नजर न काढता आक्का म्हणाली. "पुढची शर्यत कधी आहे?"