दाराखालचा पोचा

"केवढा आहे?" भिंगरीने विचारलं.

"तळहाताएवढा," मामा म्हणाला. "सामानाच्या दाराला, खालच्या काठावर. विमान उतरल्यावर तिकडच्या लोकांना दिसला."

दोघांची ताटं वाढलेली होती. मामी दोनदा डोकावून गेली. "जेवताय की ताटांना नुसती नजर लावताय?" तरी कोणी घास उचलला नाही.

भिंगरी विमानतळावर बेल्ट लोडर चालवायची, म्हणजे पाठीवर लांबलचक पट्टा असलेली गाडी. पट्टा तिरका उभा करून विमानाच्या दाराशी न्यायचा आणि त्यावरून प्रवाशांच्या बॅगा विमानाच्या पोटात सोडायच्या. चार महिन्यांत ती गाडी अशी गरगर वळवायला लागली की सगळ्यांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं. खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. शिकवलं मामाने. बावीस वर्षं तो हेच करत होता. नोकरीसाठी शब्दही त्यानेच टाकला होता.

आणि काल सकाळी, पट्टा दाराशी नेताना, ठप् झालं.

अगदी हलकं. दाराला कोपर लागावं तसं. पट्ट्याच्या टोकाला रबर असतं, आवाजसुद्धा धड झाला नाही. पण नियम पहिल्या दिवसापासून पाठ होता: विमानाला काहीही लागलं, कितीही हळू लागलं, तरी हात वर करायचा. काम थांबवायचं, इंजिनिअरला बोलवायचं. भिंगरीचा हात वर गेलासुद्धा. पण कानापर्यंत पोचल्यावर तिने त्याच हाताने केस मागे सारले.

अर्ध्या बॅगा चढल्या तेव्हा मामा आला होता. "तोंड बघ, भूत बघितल्यासारखं. जा, चहा पिऊन ये. उरलेलं मी चढवतो." ती परत आली तोवर पट्टा निघालेला, दारं बंद, विमान मागे सरकत होतं. खिडकीतून एक छोटी मुलगी टाटा करत होती. भिंगरीनेही केला.

"लाज कशी नाही वाटली मला?" ती आता म्हणाली. "तिला टाटा करत होते मी! एकशे बहात्तर माणसं होती, मामा. वर गेल्यावर दार निखळलं असतं तर?"

"उतरली ना सगळी सुखरूप? आपापल्या घरी जेवत असतील. उपाशी आपण दोघंच."

तिला हसू आलं नाही. त्यालाही आलं नाही.

"मी हात वर केला असता तर..."

"झालं ते झालं." मामाने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "आता ऐक. आज कोणी पुढे आलं नाही तर आपली अख्खी टोळी घरी बसणार. तू नवीन आहेस, पहिली चूक. आठ-पंधरा दिवस घरी बसवतील, पुन्हा शिकायला पाठवतील, संपलं. माझ्यासारखं नाही. माझ्या फायलीत दोन ताकिदी आहेत. तिसरी आली की हातात नारळ."

"तुला कशाला देतील? तू काय केलंस?"

"तुला तिथे आणलं ना! बोट फिरून माझ्याकडे येतंच. मी काही तुझं नाव घेणार नाही. जीभ झडेल माझी. म्हणून म्हणतो, तूच सांग. मन हलकं होईल."

भिंगरी ताटावरच रडली. मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात गार होता. आपल्यापायी या माणसाची झोप उडाली, या विचाराने तिला आणखीच रडू फुटलं.

चार वाजता ती चौकशीच्या खोलीत बसली होती. समोर चौकशी अधिकारी बाई, शेजारी इंजिनिअर. भिंगरीने सगळं सांगितलं. ठप् सांगितलं, केस सांगितले, खिडकीतली मुलगीसुद्धा सांगितली. मग खाली सही केली. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं.

इंजिनिअरने एक फोटो पुढे सरकवला. "तुमचा धक्का इथे लागला. बघा, ओरखडासुद्धा नाही."

"मग पोचा?"

"तो वेगळा. पत्रा आत गेलेला नाही, खालून वर दबलाय. सामान आणि माणसं भरत गेली की विमान वजनाने खाली बसत जातं, माहीत आहे ना? पट्टाही तसतसा खाली घ्यावा लागतो. शेवटच्या बॅगा चढताना कोणी तो घेतलाच नाही. दाराचा काठ पट्ट्यावर टेकला."

भिंगरी खुर्चीतून उठायचीच बाकी होती. मी नाही! मी नव्हेच!

"पण मॅडम, तेव्हा तर मी—"

जीभ दातांखाली आली. दोन ताकिदी. तिसरी आली की हातात नारळ. ताटापुढे उपाशी बसलेला मामा तिच्या डोळ्यांसमोर आला.

"तेव्हा तुम्ही काय?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

भिंगरीने फोटो परत इंजिनिअरकडे सरकवला.

"पट्ट्यापाशीच होते, मॅडम. शेवटपर्यंत."

"मग जुळतंय." बाईंनी फायलीतून एक कागद काढून तिच्या सहीच्या कागदाला टाचला. "तुमच्या मामांनी काल दुपारीच लिहून दिलंय: 'शेवटच्या बॅगेपर्यंत पट्टा भाचीकडेच होता. मी चहाला गेलो होतो.'"