दोनवर सोडतो

अठरा वर्षं तो कुस्तीच्या रिंगमध्ये खलनायक बनून समोरच्याच्या डोळ्यांत भुकटी फेकायचा, शिव्या खायचा आणि ठरल्याप्रमाणे नायकाकडून, म्हणजे सख्ख्या मेहुण्याकडून, चितपट व्हायचा.

आज निवृत्तीची लढत. त्याच्या मनगटाला पट्टी बांधताना मेहुणा म्हणाला होता, "भावजी, आज तुम्ही जिंकायचं. तुमची लेक पहिल्यांदाच बघायला आलीय! पंच दोन म्हणाला की मी सोडतो, मग लोळवा मला."

लढतीत मेहुणा त्याला पाडून छातीवर बसला आणि पंच मोजू लागला. "एक."

"दोन."

मेहुणा छातीवरून हलेना.

"अरे, आपलं ठरलं होतं!" तो कळवळून ओरडला, तशी गर्दी खदखदून हसली. "काय नाटकी आहे लेकाचा!"

"तीन." लढत संपली.



मेहुणा कानाशी वाकला. "माफ करा भावजी. 'मामा, आज बाबांकडून हरायचं नाही,' असं तुमच्या लेकीनेच मघाशी, रिंगमध्ये येताना, वचन घेतलंय."